ग्रीक मृत्पात्रांची साक्ष

संग्रहालयाच्या काचेआड मांडलेली प्राचीन ग्रीक मृत्पात्रे पाहून, ती तत्कालीन धनिकांच्या वैभवाची लेणी असावीत, असा जो ग्रह प्रेक्षकाच्या मनात दृढ होतो, तो पात्रांच्या तळाशी कोरलेल्या व्यापारी खुणा वाचल्यावर टिकत नाही. कारण त्या खुणांतील भावांवरून असे दिसते की, इ. स. पू. पाचव्या शतकात चित्रांनी नटलेली मोठी घागरसुद्धा दोन-तीन द्राख्मांच्या आसपास मिळत असे, आणि त्या शतकाच्या अखेरीस अथेन्समधील कुशल कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा होती. श्रीमंतांची प्रतिष्ठा सोन्यारुप्याच्या भांड्यांत होती. तरीही अथेन्सच्या केरामेइकोस या कुंभारवस्तीतील एक्सेकियाससारखे कारागीर आपल्या कामावर अभिमानाने नाव घालीत. त्यांच्यातील एकाचे नाव तर लिडोस, म्हणजे लिडियाचा, असे असल्यामुळे या धंद्यात परदेशीयांचाही हात असावा, हे मानण्यास आधार मिळतो.

पात्रांवरील काळी झळाळी हा निराळा रंग नव्हे. लोहयुक्त मातीचाच निवळून काढलेला पातळ लेप भट्टीत हवा खेळवून, मग कोंडून, मग पुन्हा खेळवून भाजला की काळा होतो.

चित्रे म्हणजे ग्रीक जीवनाचे यथातथ्य प्रतिबिंब, हा समज अधिक दिशाभूल करणारा आहे. बहुसंख्य लोकांचे पोट शेतीवर असूनही नांगरणी क्वचितच दिसते आणि मेजवान्या, मल्ल व वीरपुरुष मात्र वारंवार दिसतात, याचे कारण मद्यपात्र घेणाऱ्याला आपल्या मेजवानीचेच चित्र हवे असे. पाण्याच्या घागरीवर पाणवठ्यावरील स्त्रिया येतात, त्याही याच न्यायाने. मृतांसाठी ठेवायच्या शुभ्र तैलपात्रांचे आतून निरीक्षण केले, तर त्यांपैकी काहींच्या गळ्याखाली एक लहानशी वाटी बसवलेली आढळते, जेणेकरून घोटभर तेलातही पात्र काठोकाठ भरल्यासारखे भासावे. श्रद्धा आणि काटकसर यांची अशी सांगड कोणत्याही चित्राने सांगितली नसती.

आणि फुटलेले भांडे निरुपयोगी ठरते, असेही नाही. कोणत्या नागरिकाला दहा वर्षे हद्दपार करावे, याचा कौल अथेन्सचे लोक खापरांवर नाव कोरून देत, आणि त्यामुळे ही खापरे आज त्या लोकसत्तेच्या दप्तराचेच काम करतात. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या मुत्सद्द्याचे नाव असलेली सुमारे 190 खापरे सापडली, ती पारखून पाहता सर्व मिळून अवघ्या 14 हातांनी लिहिलेली निघाली. प्रत्येक मतदार आपले मत स्वहस्ते कोरी, ही कल्पना यामुळे सोडून द्यावी लागते. थेमिस्टोक्लीसच्या विरोधकांनी लिहून तयार ठेवलेली मते वाटण्याची तजवीज केली होती, असाच निष्कर्ष या खापरांवरून निघतो.