बुडालेले जहाज आणि परतीची हवा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण गेल्या हिवाळ्यात मगरिबच्या नमाजनंतर माझ्या दुकानावर आला. त्याचे वालिद यंत्रमागाचे जॉबर. दुकानातले गिऱ्हाईक गेल्यावर मुलगा म्हणाला, "चाचा, दीड लाख रुपये उसने पाहिजेत. पाणबुड्याचे काम शिकायला जातोय. बुडालेल्या जहाजांवरचे काम आहे. एजंट म्हणतो, दहा दिवसांत कार्ड हातात आणि पगार महिना लाखाच्या घरात."

"अब्बांना विचारलेस का?" मी म्हणालो.

"त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय. चाचा हो म्हणाले तर माझी ना नाही, असं म्हणाले."

म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात आला. मी कापडाचा व्यापारी. मला साधे पोहताही येत नाही. पण धंदा समजून न घेता पैसे देणे जितके चुकीचे, तितकेच धंदा समजून न घेता नकार देणेही चुकीचे. वसुलीसाठी मी मिरजेहून रेल्वेने गोव्याला जात असतो. या वेळी दोन दिवस जास्त राहिलो आणि माहिती काढली. आपल्या समाजातील अनेक तरुण हाताच्या कसबावर जगतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही माहिती उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

होडीवरचा एक सकाळचा प्रसंग

वास्कोच्या समोर समुद्रात ग्रांडे नावाचे बेट आहे. त्याच्या जवळ एका बुडालेल्या जहाजाचे लोखंडी अवशेष पडून आहेत. हौशी पाणबुडे तेथे नेहमी उतरतात. एका ओळखीच्या माणसाने मला त्यांच्या होडीवर बसवले. वारा वाढला होता, होडी हेलकावे खात होती आणि पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. दोघे जण पाठीवर टाक्या बांधून उतरले. पाऊण तास तरी लागेल असे मला वाटले होते, पण वीस मिनिटांतच दोघे वर आले. एकाच्या हाताला कालवांच्या धारेने ओरखडे पडले होते.

मी विचारले, "काय दिसले?"

तो म्हणाला, "सुरुवातीला हात लांब केला तर बोटे दिसत होती. खाली गेल्यावर तीही दिसेनात. शेवटी हाताला काहीतरी गोल लागले, पण काय होते ते बघायचे राहिले."

"मग बघितले का नाही?"

त्याने छातीवरच्या घड्याळासारख्या काट्याकडे बोट केले. "काटा शंभरवर आला की परतायचे, असे उतरण्याआधीच ठरले होते. शंभर झाले, परतलो."

दोनशेच्या दाबाने भरलेली टाकी, त्यातली निम्मी हवा शिल्लक, हाताला काहीतरी लागलेले, आणि तरीही माणूस परत आला. तीस वर्षे व्यापार करून मला जे पुरते जमले नाही, ते या पंचविशीच्या पोराला जमले होते.

समुद्राच्या पोटातला माल

गोव्याच्या समुद्रात बुडालेली जहाजे ही काही दंतकथा नव्हे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधक पाणबुड्यांनी अशा ठिकाणांचा रीतसर अभ्यास केला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सुंची नावाच्या खडकाळ भागात झालेल्या शोधात हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मोठ्या रांजणांची खापरे, काचेच्या बाटल्यांचे बूड, लोखंडी तोफा आणि नांगर मिळाले. हे पोर्तुगीज व्यापारी जहाज सतराव्या शतकाच्या आरंभीचे असावे, असे संशोधकांचे मत आहे. हत्ती आणि पाणघोडा दोन्ही आफ्रिकेतले. म्हणजे हस्तिदंत पूर्व आफ्रिकेकडून आणि भांडी चीनकडून. एका बुडालेल्या जहाजावरून त्या काळच्या बाजारपेठेचा नकाशाच हाती येतो.

दुसरे ठिकाण सेंट जॉर्ज खडकाचे. तेथे छपराची कौले, कोन्याची कौले, विटा आणि इमारतीच्या खांबांचे भाजलेल्या मातीचे तुकडे सापडले. त्यांतील काहींवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटवलेले आहे. १८६५ हे मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल. आपल्याकडच्या जुन्या घरांवर आणि मागांच्या शेडवर जी मंगलोरी कौले आहेत, त्याच घराण्यातला हा माल. याच मिशनचा मंगळूरला विणकामाचा कारखानाही होता आणि खाकी रंगाच्या कापडाचा जन्म तेथेच झाला असे सांगितले जाते. तिसऱ्या ठिकाणी, अमी शोल्स येथे, वाफेवर चालणाऱ्या बोटीचे बॉयलर आणि यंत्राचे भाग आहेत.

कापडाचा व्यापारी म्हणून माझ्या मनात एक प्रश्न आला. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून शेकडो वर्षे गठ्ठेच्या गठ्ठे कापड परदेशी गेले. मग समुद्रात कापड का सापडत नाही? उत्तर सोपे आहे. उघड्या पाण्यात सूत कुजते आणि लाकूड किडे खातात. माती, काच आणि दगड टिकतात. लोखंड गंजते, पण शिल्लक राहते. आपल्या विणकरांचा माल बुडाला तो मागे खूण न ठेवता.

हवेचा हिशेब

पाणबुड्याच्या टाकीत प्राणवायू असतो असा बहुतेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. नेहमीच्या बुडीसाठी आपण घेतो तीच हवा दाबाने भरलेली असते. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब वातावरणाच्या एका पटीने वाढतो. म्हणून १० मीटरवर माणूस वरच्यापेक्षा दुप्पट हवा खर्च करतो, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. टाकी तीच, पण खोल गेले की भराभर रिकामी होते. त्यात माणूस घाबरला किंवा प्रवाहाविरुद्ध झगडू लागला की श्वास आणखी वाढतो. खोल पाणी म्हणजे जास्त भाड्याची जागा, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

पुढची अडचण वर येण्याची. दाबाखाली हवेतला नत्रवायू रक्तात आणि मांसात मुरतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. त्यामुळे सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. वर येताना श्वास रोखून धरला तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटते. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही आणि पृष्ठभागाच्या ५ मीटर खाली तीन मिनिटे थांबायचे, असा साधारण रिवाज आहे. संकटात सापडलेला पाणबुड्या तडक वर पळू शकत नाही. परतीच्या वाटेलाही वेळ लागतो आणि त्या वेळेलाही हवा लागते.

जहाजाच्या आत शिरायचे असेल तर नियम याहून कडक. हवेचे तीन भाग करायचे. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी. पहिला भाग संपला की समोर काहीही असो, मागे फिरायचे. आत जाताना दोरी बांधत जायचे आणि तीच दोरी हाताने चाचपत बाहेर यायचे. कारण पायाच्या एका फटकाऱ्याने तळाचा गाळ उठला की दिवा असूनही काळोख होतो.

आपल्या किनाऱ्याचे पाणी

आपल्या किनाऱ्यावर ही अडचण नेहमीची आहे. मांडवी आणि जुवारी नद्या गाळ आणतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे काम ऑक्टोबर ते मेपर्यंतच चालते. खडक उथळ असेल तर खोल पाण्यापेक्षा त्रास जास्त, कारण वरच्या लाटेचा हेलकावा तळापर्यंत पोहोचतो आणि माणसाला खडकावर आपटतो.

सगळ्यात कठीण काम मुंबईने पाहिले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. आत १८ जण होते. नौदलाच्या पाणबुड्यांना तेल मिसळलेल्या गढूळ पाण्यात, उष्णतेने वाकलेल्या दारांतून, चाचपडत आत जावे लागले. पहिले मृतदेह हाती लागायला दोन दिवस गेले. कोणी जिवंत सापडले नाही. पाणबुडी वर काढायला जून २०१४ उजाडला. समुद्र खोल नव्हता, किनारा हाताच्या अंतरावर होता, तरी ही स्थिती!

कार्ड वेगळे, कसब वेगळे

आता आपल्या तरुणाच्या दीड लाखाकडे वळू. दहा दिवसांत मिळते ते हौशी पाणबुड्याचे कार्ड. सुरुवातीचे कार्ड साधारण १८ मीटरपर्यंत, सोबती घेऊन, पाहण्यासाठी उतरण्याचे असते. त्यावर पाण्याखाली वेल्डिंगची नोकरी मिळत नाही. धंद्याच्या पाणबुड्याला बहुधा वरून नळीने हवा येते, कानाला टेलिफोन असतो, वर देखरेख करणारा असतो आणि मदतीसाठी दुसरा पाणबुड्या तयार बसलेला असतो. त्याचे शिक्षण महिन्यांचे आणि खर्च कितीतरी जास्त. तेल कंपन्यांच्या कामावर आंतरराष्ट्रीय मान्यतेचे प्रमाणपत्र मागतात.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एक, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि ते कोण मानतो? दोन, वैद्यकीय तपासणी आधी की नंतर? कान, छाती, दमा, फिट येणे हे सर्व आधी पाहिले पाहिजे. मागाच्या खात्यात सुताची धूळ खात वाढलेल्या मुलांनी छातीची तपासणी केल्याशिवाय एक पैसाही भरू नये. तीन, विमा कोणाच्या नावाने आणि किती? चार, नेमणुकीचा कागद कोण देणार, कंपनी की ठेकेदाराचा ठेकेदार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती, त्यांतील १८६ वाचली. पुढे नौदलाच्या पाणबुड्यांना तिच्या शोधासाठी उतरावे लागले. त्या माणसांत अनेक जण ठेक्यावरचे कारागीर होते, आपल्या मुलांसारखेच. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता, पण वेळेवर परतण्याचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. ज्या कामात परत फिरण्याचा अधिकार कारागिराला नाही, त्या कामाचा पगार कितीही असो, तो महागच पडतो.

सापडलेला माल कोणाचा?

एजंटने मुलाला खजिन्याचीही लालूच दाखवली होती. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. बुडालेल्या जहाजावरचा माल मिळाला तर सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपल्या शरीअतमध्येही लुकता, म्हणजे सापडलेल्या वस्तूबद्दल, जाहीर करून मालक शोधण्याचा हुकूम आहे. सापडले म्हणजे आपले झाले, असे दीन सांगत नाही आणि कायदाही सांगत नाही. शिवाय शेकडो वर्षे खारट पाण्यात राहिलेले लोखंड किंवा हस्तिदंत बाहेर काढून तसेच ठेवले तर क्षाराने फुटते. ते दीर्घकाळ गोड्या पाण्यात ठेवून क्षार काढावा लागतो. चोरून आणणाऱ्याच्या हाती शेवटी भुगाच येतो.

माझा स्वतःचा काटा

होडीवरच्या त्या मुलाचे बोलणे ऐकताना मला माझी एक जुनी उधारी आठवली. एका व्यापाऱ्याकडे माझे पैसे अडकले होते. पहिले सुटावेत म्हणून मी आणखी माल दिला, तो सुटावा म्हणून आणखी दिला. दर वेळी वाटे, आता हाताला लागलेच आहे. मुद्दल गेले, वर बायकोचे दागिनेही गेले. किती रक्कम अडकल्यावर हात आखडायचा, हे मी आधी ठरवलेले नव्हते. अडकल्यावर ठरवू म्हणणाऱ्याला ते ठरवता येत नाही, कारण तेव्हा नजर काट्यावर नसते, समोरच्या मालावर असते.

कुपवाडला परतल्यावर मी मुलाला आणि त्याच्या वालिदांना बसवून सर्व सांगितले. एजंटला चार प्रश्न विचारायला लावले. त्याने तीन प्रश्नांना हसून उत्तर दिले आणि चौथ्याला फोन ठेवला. मुलगा नाराज झाला. त्याला वाटले, चाचांनी वाट अडवली. मी त्याला म्हणालो, "बेटा, वाट अडवलेली नाही. आधी छाती तपासून घे, वेल्डिंगची वरची परीक्षा दे, पोहणे पक्के कर. मान्यतेच्या संस्थेचा कागद आण. त्या दिवशी हे दीड लाख कर्ज-ए-हसना म्हणून तुझे. एक रुपया जास्त मागणार नाही."

छातीची तपासणी झाली आहे आणि ती साफ निघाली आहे. परीक्षेचा अर्ज भरला आहे. रक्कम मी वेगळी काढून ठेवली आहे. पुढे जे अल्लाहला मंजूर. मात्र मुलाने मला एक प्रश्न विचारला, "चाचा, त्या पाणबुड्याच्या हाताला काय लागलं होतं?"

मी म्हणालो, "माहीत नाही. पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरणार होता."