गोठ्यातली रिकामी जागा

दोघांचा दुसरा डाव, दोन मुलं, दोन धर्म आणि एक नाताळ! केक, कलकल, चांदणी सगळं झटपट जमतं. घर जमायला मात्र थोडी वाट बघावी लागते...

डिसेंबर उजाडला की ऑफिसात 'सिक्रेट सांता'च्या चिठ्ठ्या फिरायला लागतात. कुणाला कॉफी मग, कुणाला फोटोफ्रेम. वर्षभर एक्सेल शीटमध्ये डोकं खुपसून बसलेले आपण सगळे तासभर लहान होतो. लग्नाआधी माझा नाताळ एवढाच होता. डोंबिवलीच्या मुलीला याहून जास्त ठाऊक असणार तरी किती? केक खायचा, 'मेरी ख्रिसमस' म्हणायचं आणि घरची फास्ट पकडायची!

मग २०२२ च्या मे महिन्यात मी वसईच्या एका कॅथलिक घरात राहायला आले. एकटी नाही, पाच वर्षांच्या मुलासकट. माझा घटस्फोट झालेला. नवऱ्याची पहिली बायको आजारपणात गेलेली, त्याला अकरा वर्षांची लेक. शिवाय सासूबाई. लग्न आम्ही विशेष विवाह कायद्याखाली केलं. १९५४ चा हा कायदा आमच्यासारख्यांच्या सोयीचा. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, धर्म ज्याचा त्याच्याकडे. पण त्या नोटिशीवर नावं फक्त दोघांची असतात. मुलांना 'तुमची काही हरकत?' असं कुणी विचारत नाही!

अतिउत्साह नडला

पहिल्याच नाताळला मला फुल मार्क मिळवायचे होते. सून म्हणून नव्हे, नवी आई म्हणून. १० डिसेंबरचा शनिवार. माळ्यावरचं खोकं काढलं. मेंढपाळ, तीन राजे, उंट, गाय, गाढव, मरिया, योसेफ. एका पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळलेला बाळ येशू. टीपॉयवर मस्त गोठा उभा केला, बाळाला गव्हाणीत ठेवलं, लाइट्स लावले, फोटो काढून आईला पाठवलासुद्धा.

लेक क्लासहून आली. बघितलं. एक शब्द नाही. संध्याकाळी बघते तर गव्हाणी रिकामी!

"बाळ कुठंय गं?"

"त्याचा अजून जन्म झालेला नाही," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सासूबाईंनी मग मला बाजूला घेतलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, वाट बघण्याचे दिवस. तोवर गव्हाणी रिकामीच ठेवायची. चोवीसच्या रात्री चर्चहून आल्यावर बाळाला ठेवायचं. आणि या घरात तो मान सगळ्यांत धाकट्या माणसाचा. इतकी वर्षं धाकटी ती होती. लहान होती तेव्हा तिची आई तिला उचलून घ्यायची, हात पोचावा म्हणून.

आणि आता धाकटा कोण? माझा मुलगा! आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरीच्या मात्र बरोब्बर आलं होतं.

योसेफाचा फंडा

त्या रात्री मी स्वयंपाकघरात रडले. सासूबाई भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "योसेफाकडं बघ. मूल आपलं नाही म्हटल्यावर तोही आधी मागं सरलाच होता. मग राहिला. सुतारकाम केलं, पोर वाढवलं. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही."

"म्हणजे मी काय करू, आई?"

"बोलू नको. काम कर."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका सोपा सल्ला मला एकाही ट्रेनिंगमध्ये मिळाला नव्हता!

काम होतंही. गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून इथे ताटलीत नाचणी पेरतात. हे मला येत होतं! आमच्याकडे नवरात्रात घट बसतात, तेव्हा माती किती, पाणी किती, सगळं आजीनं शिकवलेलं. मी गपचूप दोन ताटल्यांत नाचणी पेरली. चौथ्या दिवशी बारीक कोंब आले. पाचव्या दिवशी लेक शेजारी येऊन उभी राहिली. "पाणी रोज घालायचं का?" आमचं पहिलं नीट संभाषण हे असं झालं. पाण्यावरून.

मग कलकल. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची, तळायची, साखरेत घोळवायची. आपल्या शंकरपाळ्यांचा चुलत भाऊच! आणि नेवरी? ती तर सरळसरळ करंजी. माझ्या आईनं पाठवलेला डबा उघडून लेक म्हणाली, "तुमच्याकडे पण नेवऱ्या करतात?" दारातल्या चांदणीचंही तेच. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला त्याच खिळ्याला ती लागली.

आमचे घरगुती नियम

एव्हाना थोडी अक्कल आली होती. काही गोष्टी आम्ही ठरवूनच टाकल्या. दिवाळीला माझा मुलगा पुण्याला त्याच्या बाबांकडे, नाताळच्या सुट्टीत इथे. आयत्या वेळी खेचाखेची नाही. गेलेल्या आईचा फोटो हॉलमध्येच, चोवीसला त्यापुढे पहिली मेणबत्ती लेक लावते. तिच्या आईची केकची वही तिच्याच कपाटात. मी मागितल्याशिवाय घेत नाही आणि घेतली तरी मापं बदलत नाही. नवी प्रथा वर्षाला एकच. तुमच्याकडेही असं जोडलेलं घर असेल तर हा शेवटचा नियम ट्राय कराच. मुलांना नव्या गोष्टीचा राग नसतो, जुनी विचारल्यावाचून हलवली की येतो.

चोवीसच्या रात्री

वसईत मिस्साची प्रार्थना मराठीतच चालते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यात नवल ते काय! घरी आलो. लेकीनं डबी आणली, कुणाकडे न बघता बाळाला गव्हाणीत ठेवलं. माझा मुलगा "मी, मी" करत होता. मी त्याला मांडीवर ओढून घेतलं आणि गप्प बसले. सासूबाईंचा सल्ला!

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मी काहीच ठरवलं नव्हतं. नाचणी दोघांनी मिळून पेरली होती, पाण्यावरून भांडणंही यथासांग झाली होती. चर्चहून आल्यावर लेकीनं डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि बाळाला माझ्या मुलाच्या तळहातावर ठेवलं.

"धाकटा तू आहेस. नियम म्हणजे नियम," ती म्हणाली.

त्याचा हात पोचत नव्हता. तिनंच त्याला कमरेत धरून उचललं. माझ्या नवऱ्यानं चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

"पण डबी माझ्याकडेच राहणार हां," तिनं लगेच बजावलं.

ती मला अजूनही नावानंच हाक मारते. चालेल. डबी तिच्या कपाटात असते, त्या वहीशेजारी. माळ्यावरचं खोकं दर डिसेंबरात मीच काढते, गोठा मांडते आणि गव्हाणी रिकामी ठेवते.