बोटांना पोत कसा कळतो?

गिरणीत दळण सुरू झाले की गिरणीवाला पडत्या पिठाची चिमूट घेतो, बोटावर अंगठ्याने चोळतो आणि म्हणतो, "जाडं येतंय." मग चक्की जरा आवळतो. पीठ त्याच्या डोळ्यांसमोरच असते. तरी तो डोळ्यांवर विसंबत नाही. नुसते चिमटीत धरूनही त्याचे भागत नाही, चोळावेच लागते. असे का बरे?

आपल्या एका हाताच्या तळव्याकडील कातडीत, बोटे धरून, स्पर्शाची खबर नेणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. काही तंतू उंचवटा कोठे, कड कोठे, हे सांगतात. ज्वारीच्या दाण्यांवर बोट नुसते टेकवले तरी दाणे कळतात, ते यांच्यामुळे. दुसरे तंतू कंपने टिपतात. बारीक पिठावरून बोट सरकले की कातडीला सूक्ष्म थरथर सुटते. खोलवरच्या काही तंतूंना तर सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणारी थरथर सर्वांत चांगली कळते. बोट थांबले की थरथर थांबली आणि खबरही थांबली! जाड पोत मांडणीवरून आणि बारीक पोत कंपनांवरून कळतो, हा विचार डेव्हिड काट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडला. पुढच्या प्रयोगांनी त्याला बळकटी दिली.

ही खबर हातातून पाठीच्या कण्यात आणि तेथून मेंदूत जाते. वाटेत ती बाजू बदलते. डाव्या हाताचा स्पर्श उजव्या मेंदूला पोचतो. मेंदूत बोटांच्या वाट्याला मोठी जागा आहे, एवढ्या रुंद पाठीला मात्र थोडी. म्हणून दोन टोके दोन-तीन मिलिमीटरवर असली तरी बोटाच्या टोकाला ती वेगळी कळतात. पाठीवर त्यांच्यात सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागते. शिवाय मेंदू हिशेबी आहे. कापडावरून हात भरभर फिरवा की सावकाश, कंपने बदलतात. पण खादी ती खादीच लागते.

गुरुजींनी आणि बाईंनी हे वर्गात करून पाहावे. मुलांना डोळे मिटायला सांगा. बारीक विणीची दोन निरनिराळी कापडे आधी बोट न हलवता ओळखायला द्या, मग चोळून ओळखायला द्या. फरक मुलेच सांगतील.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हे मज्जातंतू आपले राखणदारही आहेत. कुष्ठरोगाचे जंतू नेमके त्यांच्यावरच घाला घालतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो, तेथे स्पर्श कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पुढे हात बधिर होतो आणि तापल्या तव्याचा चटकाही जाणवत नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. वेळेवर घेतली तर व्यंग टळते.

तेव्हा घरात किंवा वर्गात कोणाच्या अंगावर असा बधिर चट्टा दिसला, तर त्याला हिणवू नका, लपवूही नका. त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणे हीच तेथे धोक्याची खूण आहे.