नामांचे प्रतिनिधी

सोलापूर हे अनेक भाषांचे नगर आहे. तेथे मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषाही नित्य कानांवर पडतात. घरची भाषा घेऊन शाळेत आलेले मूल जेव्हा इंग्रजी शिकू लागते, तेव्हा मोठमोठ्या शब्दांपेक्षा 'ही', 'शी', 'इट', 'वी' हे चिमुकले शब्दच त्याला अधिक अडवितात. असे का व्हावे?

व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांच्या नावाला व्याकरणात नाम म्हणतात. 'सोलापूर' हे विशेषनाम, 'शहर' हे सामान्यनाम आणि 'चिकाटी' हे भाववाचक नाम होय. इंग्रजीतही हे प्रकार आहेत. तेथे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून मराठीत ते अर्थावरूनच ओळखावे लागते. एकच नाम पुनःपुन्हा आले, तर बोलणे कंटाळवाणे होते. म्हणून त्याच्याऐवजी जो शब्द योजतात, त्याला सर्वनाम म्हणतात. सर्वनाम हा नामाचा प्रतिनिधीच होय. पण प्रतिनिधी निवडण्याची रीत प्रत्येक भाषेत निराळी असते.

पुढील वाक्ये पाहा : 'माग जुना आहे, पण तो चांगला चालतो.' 'चादर जाड आहे. ती ऊब देते.' 'सूत ओले आहे. ते उन्हात वाळेल.' माग, चादर आणि सूत या तिन्ही निर्जीव वस्तू. तरी मराठीत नामाच्या लिंगाप्रमाणे 'तो', 'ती', 'ते' अशी तीन सर्वनामे आली. इंग्रजीत या तिन्हींसाठी एकच सर्वनाम, 'इट'. 'ही' पुरुषासाठी, 'शी' स्त्रीसाठी. चादरीला 'शी' म्हणणारे मूल मराठीचा नियम इंग्रजीला लावीत असते. कन्नड बोलणाऱ्या मुलाला मात्र ही अडचण फारशी येत नाही. कारण त्याच्या भाषेतही पुरुषाला 'अवनु', स्त्रीला 'अवळु' आणि वस्तूला 'अदु' म्हणतात.

दुसरा भेद आदराचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली चीनमधील युद्धात जखमी झालेल्यांच्या सेवेसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. बाकीचे चौघे पुढे मायदेशी आले. पण ते परतले नाहीत. १९४२ साली चीनमध्येच त्यांचे निधन झाले. येथे 'ते' हे आदरार्थी आहे, व्यक्ती एकच. इंग्रजीत असा आदर सर्वनामातून दाखवीत नाहीत. थोर पुरुषालाही तेथे 'ही'च म्हणतात. 'ते परतले नाहीत' याचे भाषांतर करताना कोणी अनेकवचनी 'दे' लिहिले, तर पाचांपैकी कोणीच परतले नाही, असा अर्थ होईल. एका सर्वनामाने इतिहास बदलेल!

तिसरा भेद ऐकणाऱ्याविषयीचा. 'आम्ही सिद्धेश्वर तलावावर जाणार आहोत,' असे म्हटले, तर ऐकणारा घरीच राहतो. 'आपण तलावावर जाऊ,' असे म्हटले, की तोही निघण्याची तयारी करतो. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द, 'वी'. त्याचप्रमाणे 'तू' आणि 'तुम्ही' या दोहोंसाठी 'यू'. तेथे खरा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून जाणावा लागतो.

तात्पर्य, सर्वनाम योजताना केवळ शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. ते कोणत्या नामाबद्दल आले, ते नाम एकाचे की अनेकांचे, आणि आपण कोणत्या भाषेत बोलत आहोत, हे तीन प्रश्न आधी मनाला विचारावेत. प्रतिनिधी योग्य निवडला, तरच नामाचा निरोप ऐकणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.