तोंड उघडे टाकणारे मूल

पेठ वडगावच्या शाळेत मी किती मुले पाहिली! एखादे सदा तोंड उघडे टाकून, मान पुढे काढून बसे. मी रागे भरायचो, "नीट बस!" चूक माझीच होती.

नाकाच्या मागे प्रत्येक मुलाला मांसाचा लहान गोळा असतो. तो फार वाढला की नाकाची वाट अडते. मूल तोंडाने श्वास घेते. खालचा जबडा लोंबतो, जीभ मागे सरकते. मान पुढे काढून वर केली की घशाची वाट जरा मोकळी होते. पोर खोडीने नव्हे, श्वासासाठी तसे बसते.

वयाबरोबर गोळा झिजतो खरा. पण तोवर जबडा मागे राहू शकतो, दात पुढे येऊ शकतात.

मूल रोज घोरते? झोपेत श्वास अडतो? कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.