ठिणगी आणि नेम

घरात जुनी मोटार असली म्हणजे शनिवार-रविवारची सुटी कशी घालवावी हा प्रश्न उरत नाही. आमच्या घरी माझ्या वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी ती दुसऱ्या हाताची घेतली आणि मुलासारखी सांभाळली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्राचे माझे शिक्षण म्हणजे वडिलांना पाने-पक्कड हातात देता देता जे कानावर पडले तेवढेच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी केली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा नातेवाइकांनी मला पुन्हा एकदा सुचवले की आता तुमचीही भंगारात घाला. मी घातली नाही.

दोन महिने गाडीला एक खोड लागली होती. सकाळी थंड असताना पहिल्या किल्लीला सुरू होई. वीस-पंचवीस मिनिटे नीट चाले. मग इंजिन तापले की आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू!

आता तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीच्या बाबतीत संशयित दोन असतात. एक पेट्रोल आणि दुसरी ठिणगी. पेट्रोल टाकीतून ओढून आणणारा पंप (गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात) इंजिनालाच लावलेला असतो. इंजिन फार तापले तर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. म्हणून घाट चढताना जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल.

दुसरा संशयित ठिणगीचा. बॅटरी बारा व्होल्टची, आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडायला तर हजारो व्होल्ट लागतात. हे कसे साधते? शेतातल्या मोटरीचे पाणी जोरात चालू असताना कॉक एकदम बंद केला की पाइप कसा धाडकन हादरतो, ते आठवा. वाहते पाणी अचानक अडले की त्याचा दाब एकाएकी वाढतो. कॉइलमध्ये विजेचे असेच होते. कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह चालू असतो. डेल्कोमधले दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून सुटले की तो एकदम तुटतो, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत विजेचा दाब उसळतो. तीच ठिणगी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला शंभर वेळा हे घडते. पॉइंटांमधली फट असावी लागते सुमारे ०.४ मिलिमीटर, म्हणजे जाडसर पोस्टकार्डाएवढी. ती फिलर गेजच्या पत्तीने मोजतात. पॉइंटांना जोडलेला एक छोटा कंडेन्सर असतो. तो बिघडला तर ठिणगी प्लगवर कमी आणि पॉइंटांवरच जास्त उडते. आणि कॉइल जुनी झाली की तापल्यावर आतल्या वेढ्यांचे आवरण दगा देते. थंड झाली की पुन्हा शहाणी.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही त्या शनिवारी मी काय केले ते सांगतो. पॉइंट घासले, फट लावली, कंडेन्सर नवा बसवला, चारी प्लग साफ केले आणि वर पंपावर ओले फडकेही टाकले. संध्याकाळच्या गारव्यात गावाबाहेर एक चक्कर मारली. गाडी कुठे अडली नाही. घरी येऊन मोठ्या ऐटीत हात धुतले.

धाकटी मुलगी पायरीवर बसून पाहत होती. ती नववीत आहे. दर रविवारी तिला नेमबाजीच्या सरावाला कोल्हापूरला न्यावे लागते; आमच्या गावाहून चाळीसेक किलोमीटर. ती म्हणाली, "बाबा, उद्या शेवटचं जाऊ. मग मी नाही जाणार."

कारण मला माहीत होते, आणि त्यात माझा वाटा होता. गेले तीन आठवडे तिचे गुण घसरले होते. आधी पाच छर्ऱ्यांत पन्नासपैकी पंचेचाळीस-सत्तेचाळीस येत. आता पस्तीस, चौतीस, पस्तीस. मी वहीतले आकडे पाहून तिला दोनदा बोललो होतो. लक्ष नाही, मोबाइल फार झाला, वगैरे. शिक्षकाच्या घरात जे बोलले जाते ते सगळे. आकडे पाहिले होते. ज्या कागदावर छर्रे लागले तो कागद एकदाही मागितला नव्हता.

रविवारी सकाळी निघालो. कागलच्या अलीकडे गाडीने आचका दिला आणि कडेला उभी राहिली. आमच्या मिस्त्रींना फोन केला. काल काय काय केले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "सर, चार औषधं एकदम दिलीसा. आता कशानं काय झालं, कसं कळायचं? आधी ठिणगी बघा. दुसऱ्या कशालाबी हात लावू नका."

ठिणगी पाहण्याची रीत अशी. एका प्लगची वायर काढायची, तिला एक जुना सुटा प्लग लावायचा आणि तो इंजिनाच्या उघड्या लोखंडावर नुसता टेकवून ठेवायचा. हात दूर, आणि कार्बोरेटरपासूनही लांब, कारण तिथे पेट्रोल असते. गाडी न्यूट्रलला ठेवून किल्ली फिरवायची. निळी, कडक ठिणगी उडाली तर दोष पेट्रोलचा. आमच्या प्लगवर पिवळट, मरतुकडी ठिणगी उडत होती. मधूनच तीही गायब. म्हणजे पंप निर्दोष होता. ओले फडके मी दोन महिने भलत्याच्याच डोक्यावर घालत आलो होतो. कंडेन्सर, पॉइंट, प्लग कालच पाहिलेले. उरली कॉइल. तिला बोट लावले तर चटका बसला.

अर्धा तास झाडाखाली बसलो. मग गाडी सुरू झाली आणि उशिरा का होईना, रेंजवर पोचलो.

कोल्हापूरला नेमबाजीची ओढ आहे, हे श्रोत्यांना सांगायला नको. इथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्य मिळवले. शेतमळ्यांतली मुले रविवारी सकाळी एस्टीने रेंजवर येतात, ती अशी नावे ऐकून.

मुलांचा सराव दहा मीटरच्या एअर रायफलवर चालतो. ही बंदूक हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारते. लक्ष्याचा कागद तळहातावर मावेल. दहा वर्तुळांपैकी सर्वांत बाहेरचे ४५.५ मिलिमीटर व्यासाचे, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड ज्या आतल्या वर्तुळाला शिवेल तेवढे गुण. सगळे एका रेषेच्या मागे उभे राहतात, बंदुकीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, आणि कोणी पुढे गेले असेल तर कोणीही बंदुकीला हात लावत नाही. हा नियम लहान मुलेही मोडत नाहीत.

शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. शेतीच्या कामासाठी ते तीन आठवडे गावी गेले होते, त्याच दिवशी परतले होते. मी त्यांना मुलीचे गाऱ्हाणे सांगितले. ते म्हणाले, "सर, तुम्हीही पाच मारा. मग बोलू."

मी पाच मारले. एक दहावर लागला तेव्हा मी आजूबाजूला पाहिले, कोणी बघतेय का म्हणून. बेरीज झाली नऊ, चार, सात, दहा, पाच, पस्तीस. मग मुलीने पाच मारले. सात, सात, सात, सात, सात. पस्तीस!

सुभेदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कागदावर पाच भोके पाच दिशांना, वाटेल तशी विखुरलेली. मुलीच्या कागदावर मधल्या ठिपक्यापासून उजवीकडे वर एकच वेडेवाकडे भोक, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. पाचही छर्रे एकाच जागी गेले होते. ते मला म्हणाले, "तुमचा दहा तुम्ही मारला नाही, तो लागला. हिनं मात्र पाचही वेळा जिथं बंदूक सांगते तिथंच मारलंय. बंदूक खोटं सांगते आहे."

झाले होते ते असे. तिची नेहमीची रायफल दुरुस्तीला गेली होती आणि तिला दुसऱ्या मुलाची दिली होती. रायफलीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची साइट असते आणि पुढच्या टोकाला छोटी कडी. मागच्या भोकातून पाहताना पुढच्या कडीत काळे लक्ष्य बरोबर मधोमध बसवायचे. पण प्रत्येकाचा गाल दस्त्यावर थोडा वेगळा टेकतो, डोळा थोडा वेगळ्या जागी येतो. म्हणून एकाला लावलेली साइट दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. दोन साइटांमध्ये सत्तर सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट अर्धा मिलिमीटर सरकल्याने दहा मीटरवरचा छर्रा सात मिलिमीटर सरकतो. दहाचा सात व्हायला तेवढे जवळजवळ पुरते.

छर्रे ज्या दिशेला न्यायचे त्या दिशेला मागची साइट सरकवायची, असा नियम आहे. त्यांनी ती डावीकडे आणि खाली काही टिचक्या फिरवली. माझ्या रायफलीची साइट मात्र त्यांनी फिरवली नाही. मी विचारले, तर म्हणाले, "कुठं फिरवू? तुमचे छर्रे एका जागी यायला लागू देत, मग फिरवतो."

हे वाक्य ऐकून मला शनिवारची संध्याकाळ आठवली. आणि खरे सांगायचे तर, वर्गातल्या उत्तरपत्रिकाही आठवल्या. सगळी गणिते करून प्रत्येकात हातचा विसरणारा मुलगा आणि निम्मी गणिते सोडून देणारा मुलगा, दोघांनाही आपण पस्तीसच देतो. वहीत दोघांचा आकडा एकच दिसतो.

मुलीने पुन्हा पाच मारले. नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ. ती काही बोलली नाही. कागद घडी न घालता दप्तरातल्या वहीत सपाट ठेवला. सुभेदारांनी आपल्या वहीत तिच्या नावापुढे टिचक्यांचा आकडा लिहून घेतला. मी तिला म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "तुमचा तो दहा चांगला होता, बाबा."

परतताना ओले फडके पंपावरून काढून कॉइलच्या डब्यावर गुंडाळले. फक्त डब्यावर, तारा जोडतात ती टोके कोरडी ठेवली. कागलजवळ थांबून ते पुन्हा भिजवले. बॉनेट उघडेच होते. मुलगी वाकून पाहत होती. "पॉइंट पण बघायचे का?"

"नाही," मी म्हटले, "आज फक्त फडकं."

गाडी घरापर्यंत आली. सोमवारी मिस्त्रींनी नवी कॉइल बसवली आणि बॉनेट लावून टाकले. पुढच्या रविवारी सात वाजता निघायचे ठरले आहे.