‘गोचीड ताप’ : एका नावाची व्याप्ती

‘गोचिडासारखा चिकटणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. त्यात चिकटणे आले, रक्तशोषणही सूचित झाले. परंतु गोचीड रोग वाहून आणतो ही गोष्ट त्यात कोठेही उमटलेली नाही. यात नवल नाही. थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांच्या ‘टेक्सास तापा’वरील आपले संशोधन १८९३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा हे प्रथम सिद्ध झाले. अमेरिकेतील पशुपालकांना मात्र गोचिडाचा संशय त्यापूर्वीच आलेला होता. शास्त्रज्ञांनी तो बराच काळ मनावर घेतला नव्हता, इतकेच.

आज आपल्याकडे ‘गोचीड ताप’ हे नाव सर्रास ऐकू येते. नावाची घडण वाहकावरून झालेली आहे. रोगजंतूचा निर्देश त्यात नाही. परिणामी एकाच नावाखाली निदान तीन भिन्न रोग येऊन बसतात. थायलेरियाच्या रोगात तीव्र ज्वर येतो, खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात आणि जनावर झपाट्याने खंगते. देशी गुरांपेक्षा संकरित गाई त्यास अधिक बळी पडतात. बॅबेसिया हा आदिजीव तांबड्या पेशी फोडतो व मूत्र लाल किंवा कॉफीसारखे काळसर होते. ॲनाप्लाझ्मा हा तर आदिजीवच नव्हे, जीवाणू होय. त्यात पांडुरोग व कावीळ दिसते, मूत्र सहसा लाल होत नाही. पहिल्यावर बुपारव्हाक्वोन, दुसऱ्यावर डायमिनाझीन, तिसऱ्यावर ऑक्सिटेट्रासायक्लीन अशी औषधे वेगवेगळी आहेत. नाव एक म्हणून उपचार एक, असे समजले गेल्यास गाय हातची जाते. रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच येथे नावापेक्षा विश्वासार्ह मार्ग आहे.

लक्षणावरून पडलेले नावही निर्दोष नसते. ‘लाल लघवी’ म्हटले की बॅबेसियाचा तर्क केला जातो. परंतु नुकत्याच व्यालेल्या म्हशीत स्फुरदाच्या कमतरतेनेही मूत्र लाल होते. तेथे बहुधा ताप नसतो, गोचिडाचा संबंध नसतो, आणि गुण येतो तो स्फुरद दिल्याने.

कुत्र्यांच्या बाबतीत घोटाळा निराळा आहे. तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या भेगांत व दारांच्या फटींत राहतो आणि एर्लिकिया नावाच्या जीवाणूचा प्रसार करतो. या रोगाची जीर्ण अवस्था दंशानंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकते. कुत्रे मलूल होते, नाकातून रक्त येते, रक्तातील बिंबाणू घटतात. अंगावर मात्र एकही गोचीड सापडत नाही. मालक म्हणतो, ‘गोचीड नाहीत, मग गोचीड ताप कसला?’ नावाच्या अर्थाशी तो प्रामाणिकच असतो. डॉक्सिसायक्लीनचा उपचार मात्र त्यामुळे लांबतो. याहून विलक्षण प्रकार हेपॅटोझूनचा. तो दंशाने नव्हे, तर कुत्र्याने अंग चावताना गोचीड गिळल्याने होतो.

आश्रय देणाऱ्या प्राण्यावरून नाव पडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण ‘माकडताप’. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली व माणसेही आजारी पडली. मृत माकडे सर्वांच्या नजरेस पडली आणि लोकभाषेने त्यांचेच नाव रोगास दिले. वस्तुतः माकड हे माणसाप्रमाणेच या विषाणूचे भक्ष्य आहे; माणसास रोग होतो तो मुख्यतः हीमॅफिसॅलिस जातीच्या गोचिडांच्या, विशेषतः त्यांच्या अप्रौढ अवस्थेतील पिलांच्या दंशाने. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या रोगाची साथ आली, तेव्हा हे नाव मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. त्या नावात गुरे कोठेच नाहीत. जंगलात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर याच गोचिडांचे प्रौढ पोसले जातात, माद्या तृप्त होऊन गळून पडतात व पालापाचोळ्यात हजारो अंडी घालतात. गाय स्वतः आजारी दिसत नाही. संध्याकाळी ती गोठ्यात परत येते, तेव्हा तिच्याकडे संशयाने पाहावे असे ‘माकडताप’ या शब्दाने कोणासही सुचवलेले नसते.